लिडियानं तोंड काळं केलंय, व्हाइटरनच्या वेशीत गेम बंद पडतोय : स्कायरिम मॉड्ससाठी मदत हवी आहे

विश्रामबागी_डोवाकीन

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. मार्केट यार्डात चुलत्यांच्या अडत दुकानात हिशेब बघतो. हळदीचा सीझन संपेपर्यंत रात्री नऊच्या आत सुटका नव्हती, त्यामुळे गेले दोन महिने स्कायरिम हा गेम कमी खेळलो आणि मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करायला लोकांनी बनवलेल्या फाइल्स, जास्त उतरवले. आता निवांत बसावं म्हटलं तर हे असं.

आधी मशीन सांगतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येणार. आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० म्हणजे ४ जीबीचं कार्ड, एसएसडी. गेम स्पेशल एडिशन, आवृत्ती १.६.११७०. एसकेएसई, म्हणजे मॉडच्या स्क्रिप्टना लागणारी जोड, २.२.६. मॉड लावायला मॉड ऑर्गनायझर २ वापरतो. मॉड १३७, त्यातले प्लगिन (गेममधल्या नोंदी बदलणाऱ्या फाइल्स) ११२. लूट या क्रम लावणाऱ्या टूलनं सॉर्ट केलंय, एकही लाल ओळ नाही.

तरीही गेममध्ये माझ्यासोबत फिरणाऱ्या लिडियाचा चेहरा मानेपासून वर डांबरासारखा काळा. मान गोरी, हात गोरे, तोंड तेवढं काळं. धाकटी बहीण मागून जाता जाता म्हणाली, 'हिला कुणी चुलीत घातलं?'

दुसरं दुखणं मोठं आहे. व्हाइटरन शहराच्या वेशीवर दरवाजा दाबला की लोडिंग येतं आणि तिथूनच थेट डेस्कटॉप. रिव्हरवूड गावात दिवसभर फिरलो, काही होत नाही. बाहेर तबेल्यापाशीही ठीक. शहरात पाऊल टाकलं की खेळ खल्लास. शिवाय धर्मशाळांमधले दिवे लुकलुकतात, मी मान वळवली की एक विझतो आणि दुसरा लागतो.

मॉड्सपैकी महत्त्वाचे : यूएसएसईपी (बग दुरुस्ती), स्काययूआय (मेनू), एसएमआयएम (वस्तूंचे आकार), जेकेज स्कायरिम (शहरांची सजावट), लक्स आणि ईएलएफएक्स (दोन्ही प्रकाशाचे), ऑर्डिनेटर (कौशल्यं), फ्रॉस्टफॉल (थंडी), सनहेल्म (तहान-भूक, थंडी), बिजिन वॉरमेडन्स (चेहरे), एआय ओव्हरहॉल (पात्रांचे दिनक्रम). डोंगर, रस्ते, भांडीकुंडी सगळं ४के टेक्श्चर (वस्तूंवर चढणारी चित्रं). वोक्री उतरवून ठेवलाय, अजून लावला नाही. तेविसाव्या लेव्हलचा सेव्ह आहे, साठ तास घातलेत, तो गेला तर मी पण गेलो. यातलं कुणाचं कुणाशी जमत नाही आणि काय काढू, एवढं सांगा.

अजिंक्यतारा_नाईट

भावा, लक्स आणि ईएलएफएक्स दोन्ही? एका घरात दोन वायरमन बोलावलेस की. दोघंही आतल्या खोल्यांची प्रकाशयोजना मुळापासून बदलतात. सावली पाडणारे दिवे हे इंजिन एका वेळी चारच सांभाळतं, पाचवा नजरेत आला की आधीचा एक मालवतो. तुझी लुकलुक तिथली असणार. एक ठेव. मी असतो तर लक्स ठेवला असता, कारण त्याला दुसऱ्या मॉडशी जुळवणारे पॅच भरपूर मिळतात. आणि ११२ प्लगिन म्हणजे मर्यादा ओलांडली असेल बघ.

घाटमाथा

मर्यादेचा इथं संबंध नाही. पूर्ण प्लगिन २५४ चालतात आणि हलके, म्हणजे ईएसएल खुणेचे, वेगळे ४०९६. हा निम्म्यावरही नाही. उगाच घाबरवू नका त्याला.

डोवाकीन, लूटवर तुझा भलताच भरवसा दिसतो. लूट फक्त रांग लावतं. कोण कुणाच्या आधी यावं याची त्याच्याकडे यादी आहे. पण दोन मॉडनी एकाच गोष्टीत हात घातला असेल तर कुणाचं म्हणणं राहावं, हे तुझ्या मनातलं त्याला कसं कळणार? सातबाऱ्यावर शेवटचा फेरफार लागतो तसं आहे हे. एका गट नंबरवर तिघांनी नोंद घातली तरी खाली जो बसलाय तोच मालक. वरच्या दोघांच्या नोंदी असून नसल्यासारख्या.

आता लिडिया. तिची नोंद, म्हणजे डोकं कुठलं, केस कुठले, रंगाचे थर कुठले, ही प्लगिनमध्ये असते. पण तयार चेहरा वेगळ्या फाइलमध्ये भाजून ठेवलेला असतो. फेसजेन फोल्डरात ०००ए२सी८ई नावाची निफ (आकाराची) फाइल बघ, ती लिडिया. तुझ्याकडे बहुतेक असं झालंय की फाइल बिजिनची लागली आणि नोंद एआय ओव्हरहॉलची जिंकली. सातबारा एकाचा आणि त्यावर फोटो दुसऱ्याचा. गेमला मेळ लागत नाही, मग तोंड काळं.

एसएसईएडिट, म्हणजे प्लगिनमधल्या नोंदी बघायचं टूल, उघड, सगळं लोड होऊ दे, लिडियाच्या नोंदीवर जा. उजवीकडे सगळ्यात शेवटच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते इथं लिही.

विश्रामबागी_डोवाकीन

घाटमाथा, पायाचा फोटो पाठवा, मुजरा करतो. शेवटच्या रकान्यात एआय ओव्हरहॉलच आहे. त्याच्या डावीकडे बिजिन, त्याच्या डावीकडे यूएसएसईपी. अर्धं पान लाल. मग बिजिनला खाली ओढू का?

घाटमाथा

ओढलंस तर चेहरा येईल, पण एआय ओव्हरहॉलनं तिला दिलेला दिनक्रम जाईल. दोन्ही हवं असेल तर पॅच लागतो. दोन्ही मॉडच्या पानांवर आधी शोध, लोकांनी केलेला असतो. नसेल तर तिची नोंद नव्या प्लगिनमध्ये कॉपी कर, चेहऱ्याच्या ओळी बिजिनच्या ओढ, दिनक्रमाच्या ओळी दुसऱ्याच्या राहू दे. वीस मिनिटांचं काम. पॅच नेहमी दोघांच्याही खाली बसवायचा, नाहीतर त्याचा उपयोग शून्य.

आणि मॉड ऑर्गनायझरचा डावा आणि उजवा भाग एक समजू नकोस, निम्मी जनता इथंच गंडते. डावीकडचा क्रम टेक्श्चर आणि मेशच्या (आकारांच्या) फाइल्सचा, उजवीकडचा प्लगिनमधल्या नोंदींचा. डावीकडे बिजिन वर गेला आणि उजवीकडे खाली राहिला तरी हाच तमाशा होतो.

मॉरोविंडवाले_काका

मी २००२ पासून हे खेळ मोडतोय, त्यामुळे काळ्या तोंडाचं कौतुक नाही. मला त्या वेशीची काळजी वाटते. सगळे मॉड एकमेकांशी भांडतायत असं तुम्ही धरूनच चाललात. गेम कशावर बंद पडला ते लिहून ठेवणारा क्रॅश लॉगर घातलाय का बाळा? नसेल तर आधी घाल, आणि डीएलएलवाल्या मॉडना लागणारी अॅड्रेस लायब्ररी १.६ ची आहे ना तेही बघ. जुन्या १.५.९७ साठी बनवलेल्या डीएलएल फाइल्स तुझ्या आवृत्तीवर चालत नाहीत. नोव्हेंबर २०२१ ला १.६ आलं, डिसेंबर २०२३ ला ११३०, जानेवारी २०२४ ला ११७०. डीएलएलवाला मॉड उतरवताना त्याच्या पानावर यातला कुठला आकडा आहे ते बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

मग एक गंमत कर. सेव्ह उघडूच नकोस. मुख्य मेनूवरच कन्सोल (आज्ञा टाईप करायची खिडकी) उघड आणि सीओसी लिहून पुढे व्हाइटरनबॅनर्डमेअर असं एकत्र टाईप कर. थेट धर्मशाळेत उतरशील. तिथून बाहेर चौकात ये. तरी बंद पडला तर तुझे साठ तास निर्दोष, आणि गुन्हेगार चौकात उभा आहे असं समज.

विश्रामबागी_डोवाकीन

काका, केलं. धर्मशाळेत आरामात उतरलो, एक दारू पण घेतली. दार उघडून चौकात आलो आणि गेला. क्रॅश लॉगमध्ये दोन वेळा एकाच मेशचं नाव आलंय, दोरखंडाचं. दोन्ही वेळा तेच. जेकेज काढून बघितला, तरी जातोय.

डीएलएल सगळ्या तपासल्या. एक जुनी निघाली, काढली. तिचा ह्याच्याशी संबंध नव्हता.

मॉरोविंडवाले_काका

दोर एसएमआयएमचा. तो तर कुणाशीच भांडत नाही, बिचारा फक्त वस्तूंचे आकार सुधारतो. तू तो कधी टाकलास? आणि टाकताना काही झालं होतं का?

विश्रामबागी_डोवाकीन

थांबा. हो. झालं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो वळीव आला होता बघा, यार्डात पत्रे उडाले, तेव्हा मी घरी होतो. एसएमआयएम इन्स्टॉल होत होता, हिरवी पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती आणि लाईट गेली. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी दिवाळीतच बसलीय. लाईट आल्यावर मॉड यादीत दिसत होता, टिकमार्क होता, मी म्हटलं झालं असेल.

आत्ता फोल्डर उघडला. फाइल्स आकाराप्रमाणे लावल्या. सगळ्यात वर दोन फाइल्स शून्य केबीच्या, आणि दोरखंडाची जी आहे ती मूळ झिपमधल्या फाइलपेक्षा निम्म्याहून लहान. तिन्हींची वेळ एकच, संध्याकाळी ६.४७. त्याच्या पुढची एकही फाइल नाही. लाईट किती वाजता गेली हे महिन्यानंतर मी मिनिटासकट सांगू शकतो.

अजिंक्यतारा_नाईट

😂😂 आणि आम्ही इथं सुसंगतीवर व्याख्यान देत बसलोय.

घाटमाथा

व्याख्यान वाया नाही गेलं, तोंड आणि दिवे त्यातलेच होते. एसएमआयएम पूर्ण काढून परत टाक, वरून चिकटवू नकोस. त्या दिवशी अजून काय काय टाकत होतास तेही बघ.

आता बाकीचं. वोक्री लावू नकोस. तो आणि ऑर्डिनेटर दोघंही कौशल्यांची सगळी झाडं बदलतात, दोघांपैकी एकच. ऑर्डिनेटरमध्ये चारशेहून जास्त पर्क (कौशल्यांच्या झाडावरचे फायदे) आहेत, तुझ्या तेविसाव्या लेव्हलला तेवढे संपायला पुढची दिवाळी उजाडेल.

थंडीचं जरा नाजूक आहे. फ्रॉस्टफॉल आणि सनहेल्म दोघंही गारठा मोजतात, म्हणजे तुला दुप्पट हुडहुडी. पण फ्रॉस्टफॉल या सेव्हमध्ये आधीपासून चालतोय. त्याच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये भिनल्यात. मधेच उपटलास तर त्या अनाथ होऊन आतच राहतात, आणि त्याचा त्रास वीस तासांनी कुठंतरी भलतीकडे निघतो. त्यामुळे तो राहू दे. सनहेल्मच्या मेनूत जाऊन फक्त थंडी बंद कर, तहान-भूक त्याच्याकडे. नवा खेळ सुरू करशील तेव्हा एकच घे.

मॉरोविंडवाले_काका

मी असतो तर नवाच खेळ सुरू केला असता, पण साठ तासांचं दुःख मला कळतं.

४के चं मात्र कमी कर. एक ४के टेक्श्चर साधारण २१ एमबी खातं, २के सव्वापाच, १के सव्वा. तुझं कार्ड ४ जीबीचं. टेबलावरच्या वाटीला आणि कोबीच्या गड्ड्याला ४के कशाला हवं? डोंगर आणि जमीन २के, भांडीकुंडी १के. वाटीत तोंड घालून कोण बघतंय. आणि फ्रेम सेकंदाला ६० वर बांध. या इंजिनाचं फिजिक्स फ्रेमला जखडलेलं आहे. सुरुवातीच्या घोडागाडीत बसून ती हवेत कोलांट्या खाताना बघितली नसशील तर तू अजून लहान आहेस.

विश्रामबागी_डोवाकीन

दोन दिवस लागले, कारण फुकट खात्याला डाउनलोडचा वेग रडतखडत मिळतो आणि २के टेक्श्चर सगळी परत उतरवायची होती.

एसएमआयएम नव्यानं टाकला, यावेळी इन्व्हर्टर लावून. ईएलएफएक्स काढला. त्याच्या जेकेजसाठीच्या पॅचला आता मालक नव्हता, मॉड ऑर्गनायझर लाल त्रिकोण दाखवत होता, तोही काढला. लक्स आणि जेकेजचा पॅच मिळाला, तो दोघांच्या खाली ठेवलाय. लिडियाचा पॅच शोधला, सापडला, पण मुद्दाम नाही घेतला. घाटमाथा म्हणाले तसा एसएसईएडिटमध्ये स्वतः बनवला. वीस मिनिटं नाही, दीड तास लागला. पहिल्यांदा केसांची ओळ ओढायची राहिली आणि ती टकली आली, बहिणीनं स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

काल रात्री साडेअकराला वेशीवर गेलो. सेव्ह केला, दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. दार दाबलं. आत. चौकात टपऱ्यांवरून ते दोरखंड लोंबत होते, मी त्यातल्या एकाच्या खाली जाऊन उभा राहिलो आणि वर बघत बसलो. लिडिया मागून आली. गोरी.

आता फक्त बाहेरचं मैदान उघडंबोडकं दिसतंय. गवताचा कुठला घेऊ? ४ जीबीवर चालेल असा.

घाटमाथा

गवताला नवा धागा काढ. आणि आधी यूपीएसची बॅटरी बदल.