रागीट लढवय्याचा क्लास: राग चढतो ते ठीक, उतरायचा कसा?

सहाबाजू

मंडळी, आमच्या रविवारच्या टेबलासाठी तीन महिने एक क्लास, म्हणजे खेळातल्या पात्राचा प्रकार, लिहितोय. खेळ मराठीतून, नियम डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा फाशांचा खेळ) पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे. त्यातला बार्बेरियन काढून मला स्वतःचा रागीट लढवय्या ठेवायचाय. कारण सांगतो.

१९७४ साली डी अँड डी आलं तेव्हा हा क्लास नव्हता. खेळाच्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्सने १९८२ मध्ये तो 'ड्रॅगन' मासिकात मांडला, १९८५ च्या 'अनअर्थ्ड आर्काना'त तो पुस्तकात आला. त्या बार्बेरियनला जादूचा तिटकारा होता, पण 'रेज', म्हणजे लढाईत चढणारा राग, ही गोष्टच नव्हती. ती आली २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. ताकद आणि काटकपणा ४-४ ने वाढायचे, एसी (मार चुकवण्याचा आकडा) २ ने उतरायचा, आणि राग ओसरला की थकवा यायचा. २०१४ मध्ये त्याचं बटण झालं. बोनस ॲक्शन (आपल्या पाळीतली जादा कृती) घ्या, डॅमेज (शत्रूला होणारी इजा) २ ने वाढवा, स्वतःला बसणारा शस्त्रांचा मार निम्मा करा. मुदत एक मिनिट, म्हणजे १० राऊंड (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राऊंड). आमच्याकडे लढाई तीन-चार राऊंडमध्ये आटोपते. म्हणजे राग उतरतानाचा क्षण टेबलावर कधी येतच नाही. खेळाडू 'रेज' म्हणतो, डीएम (खेळ चालवणारा) आकडा निम्मा करतो, पुढचा टर्न. चिडलेला माणूस आम्ही कुणी पाहिलेलाच नाही.

माझा आराखडा असा. रागाला 'त्वेष' म्हणायचं आणि तो चिंचोक्यांनी मोजायचा. मार बसला की १ चिंचोका, सोबती कोसळला की २. जास्तीत जास्त ६. हल्ल्याच्या वेळी हवे तेवढे चिंचोके टाकायचे, प्रत्येकामागे चार बाजूंचा एक फासा जादा डॅमेज. ४ किंवा जास्त जमले की एसी २ ने कमी आणि शांत डोक्याची कामं बंद: मंत्र नाही, मलमपट्टी नाही, बोलणी नाहीत. लढाई संपल्यावर चिंचोके उरले असतील तर तो अजून रागातच आहे. दर राऊंडला विस्डम सेव्ह (मन ताब्यात राहतं का ते ठरवणारा फासा), चुकला तर समोर जो असेल त्याच्यावर हल्ला. सोबत्याने आपला टर्न खर्चून त्याला शांत केलं तर २ चिंचोके परत.

हे मला आयरिश पुराणातल्या कू हुलिनवरून सुचलं. लहानपणी तो रणातून तसाच तापलेला परततो, तेव्हा लोक त्याला गार पाण्याच्या पिंपात घालतात. पहिलं पिंप फुटतं, दुसऱ्यातलं पाणी उकळतं, तिसऱ्यातलं कोमट होतं. रागाचं इतकं नेमकं मोजमाप मी कुठल्याच नियमपुस्तकात वाचलेलं नाही.

जुनापट

पूर्ण असहमत. बटण हाच बार्बेरियनचा गुण आहे. नवा खेळाडू पहिल्या सेशनला येतो तेव्हा मी त्याला हाच क्लास देतो. 'चिडलास की जोरात मारतोस आणि कमी लागतं', एवढ्यावर तो खेळायला लागतो. तुम्ही त्याच्या पुढ्यात हिशेबाची वही ठेवताय.

आता आकडे बघा. पाचव्या लेव्हलचा, १६ काटकपणाचा बार्बेरियन सरासरीने ५५ हिट पॉइंट्सचा, म्हणजे तेवढा मार सोसणारा. रेजमध्ये शस्त्रांचा मार निम्मा, म्हणजे तलवारी-भाल्यांपुढे तो ११० चा होतो. तुमच्या आराखड्यात निम्म्या माराची सोय नाही. चिंचोके हवेत तर मार खा, आणि मार सोसायची तयारी मात्र काढून घेतलेली. पहिल्या राऊंडला त्याच्या हातात काहीच नाही. दुसऱ्याला दोन-तीन चिंचोके. चौथे-पाचवे जमेपर्यंत तुमच्याच हिशेबाने लढाई संपलेली. मग उरतं काय, तर मित्रांवर धावून जाणं.

आणि एक पळवाट. खेळाडू दुसऱ्याच सेशनला सोबत्याला सांगेल, 'मला दोन थपडा मार, चिंचोके भरून घेतो.' थांबवणार कसं?

तळटीप

जुनापट यांचे आकडे बरोबर आहेत. मी फक्त किमतीबद्दल बोलतो, कारण ती मी जवळून पाहिली आहे.

२०१४ च्या बर्सर्करची, म्हणजे बार्बेरियनच्या एका उपप्रकाराची, फ्रेन्झी आठवा. रागात असताना दर टर्नला बोनस ॲक्शनने जादा हल्ला, पण राग संपला की एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी. लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली तरी एकच पायरी उतरते. तिसऱ्या पायरीला हल्ले आणि सेव्ह डिसॲडव्हान्टेजने (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा), सहाव्या पायरीला मरण. आमच्या बर्सर्करने पहिल्या दोन सेशनमध्ये ती वापरली, नंतर वर्षभर हात लावला नाही. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं त्याचं. २०२४ च्या पुस्तकात फ्रेन्झीची ती किंमत काढून टाकली. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतही राग आला की एसी १ ने कमी व्हायचा, तोही २०२४ मध्येच गेला. दोन्हीकडच्या डिझायनरांनी वर्षानुवर्षं लोकांना खेळताना पाहिलं आणि एकाच निष्कर्षाला आले. ते उगीच नव्हे.

सहाबाजू

तळटीप, निष्कर्ष तोच का? फ्रेन्झीची किंमत लढाईनंतर वसूल व्हायची आणि पुढच्या लाँग रेस्टपर्यंत पुरायची. खेळाडूला तिच्यात करण्यासारखं काही नव्हतं, फक्त भोगायचं. मला किंमत टेबलावरच हवी, सगळ्यांसमोर, आणि ती चुकवणं खेळाडूच्या हातात हवं. लढाई संपत आली की चिंचोके उधळून टाकायचे की धरून ठेवायचे, हा निर्णय त्याचा.

जुनापट, निम्म्या माराबद्दल मी चुकलो. बदल करतो: लढाई सुरू होताच २ चिंचोके हातात, आणि ३ किंवा जास्त असतील तोवर शस्त्रांचा मार निम्मा. म्हणजे चिंचोके टाकले की जोर मिळतो पण ढाल जाते. थपडांचं सोपं आहे. चिंचोका फक्त शत्रूच्या माराचा. मित्राच्या हातचा मार खाऊन त्वेष येत नाही.

रात्रपाळी

दीड वर्ष बार्बेरियन खेळतेय, म्हणून लिहिते.

घरी आवाज चढवला की 'शांत हो'. कामावर एखाद्याला स्पष्ट बोलले की 'एवढं चिडायचं काय त्यात'. रविवारचे चार तास अशी एक जागा आहे जिथे माझं खेळातलं पात्र, गौरा, चिडते आणि तिचं चिडणं उपयोगी पडतं. दार तुटतं, आत अडकलेली माणसं सुटतात. टेबलावरचे सगळे टाळ्या वाजवतात. तुमच्या नियमाने तुम्ही बाकीच्या चौघांच्या हातात 'शांत हो' म्हणायचं बटण देताय. आणि ते कुणी दाबलं नाही तर माझा फासा ठरवणार की गौराने आपल्याच माणसावर हात उचलायचा. गौरा तसं करणार नाही. तिला मी ओळखते, फासा ओळखत नाही.

बटण मलाही अपुरं वाटतं, खोटं का बोला. पण ते माझ्या हातात आहे.

पोथीवाला

दोन शब्द नावाविषयी. 'बार्बेरियन' ग्रीक 'बार्बारोस'वरून आला, ज्याची भाषा ग्रीक नाही तो. तिसऱ्या आवृत्तीत तर हा क्लास निरक्षरच सुरू व्हायचा, लिहिता-वाचता यायला वेगळे गुण खर्च करावे लागायचे. राग आणि अडाणीपणा एकत्र बांधायची ती सवय आपल्या टेबलावर नको, म्हणून 'रानटी' हे भाषांतर करू नका.

'वीर' हेही नको. नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह आहे, क्रोध आहे रौद्राचा. दोन वेगळी माणसं आहेत ही. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले ते संतापाने नव्हे. खिंड धरायचं काम होतं आणि ते शेवटपर्यंत केलं. त्या लढवय्यासाठी वेगळा क्लास लिहा, त्याला चिंचोके लागणार नाहीत.

रौद्र पाहायचा तर भीम. सभापर्वात द्यूतानंतर तो इतका पेटतो की युधिष्ठिराचे हात जाळतो म्हणतो, सहदेवाला अग्नी आणायला सांगतो. राग थेट घरच्यावर उलटतो. पण त्याला थांबवतो कोण? अर्जुन. आणि मग तोच राग भीम तेरा वर्षं सांभाळतो, दुःशासन समोर येईपर्यंत. यात रात्रपाळी यांचं म्हणणंही येतं आणि धागाकर्त्यांचंही, असं मला वाटतं. भीम अर्जुनाचं ऐकतो, पण सभेतल्या दुसऱ्या कुणाचं त्याने ऐकलं असतं का?

सहाबाजू

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि सकाळी परत वाचला. चौघांच्या हातात बटण, हे मी लिहिताना मला दिसलंच नव्हतं. मी कायम डीएमच्या खुर्चीत असतो, त्यामुळे असेल.

सभापर्वातला तो प्रसंग वाचून नियम असा बदलला. विस्डम सेव्ह काढला, मित्रावर हल्लाही काढला. कॅरेक्टर बनवताना खेळाडूने शीटवर एक नाव लिहायचं: रागात कुणाचा आवाज ऐकू येतो. फक्त तोच सोबती चिंचोके उतरवू शकतो, तेही खेळाडू हो म्हणाला तर. नाव लेव्हल वाढताना बदलता येईल. लढाईनंतर उरलेले चिंचोके मोडायचा दुसरा रस्ता म्हणजे एखादी वस्तू: दार, होडी, पूल, जे दिसेल ते. काय मोडलं ते खेळाडूने सांगायचं, त्याचे परिणाम मी सांभाळीन. तिसरा रस्ता भीमाचा. एक चिंचोका न टाकता एका शत्रूच्या नावाने बाजूला ठेवायचा. तो शत्रू भेटेपर्यंत तो कुणी काढू शकत नाही, आणि तोवर त्वेषाची मर्यादा ६ ऐवजी ५.

जुनापट

निम्म्या माराचा बदल पटला. वहीचा आक्षेप कायम आहे, आणि नव्या खेळाडूला मी जुनाच क्लास देणार. बाजूला ठेवायचा तो चिंचोका मात्र मला स्वतःला खेळून बघायचाय.

रविवारी लढाई संपताना किती उरतात ते लिहून ठेवा. दर वेळी शून्यच उरत असतील तर उतरण्याचे तुमचे तिन्ही रस्ते कागदावरच राहतील, आणि मग चार बाजूंच्या फाशाऐवजी सपाट २ डॅमेज करा, म्हणजे लोक ते उधळणार नाहीत.

रात्रपाळी

आमच्या डीएमला नियम पाठवला, पुढच्या रविवारी गौरा यावरच खेळेल. नावाची जागा सध्या कोरी ठेवतेय. आमच्या गटातल्या धनुर्धराचं नाव दोनदा लिहिलं आणि खोडलं. त्याने अजून ते कमावलेलं नाही.

बाजूला ठेवायच्या चिंचोक्यावरचं नाव मात्र लिहून झालंय.