उसात सापडलेली दोन पिल्लं: बिबट्याची की आणखी कशाची?

खोडवा

ओतूरजवळ आमच्या शेतात परवापासून ऊसतोड चालू आहे. आज सकाळी नऊच्या सुमारास एका तुकड्यातल्या शेवटच्या सात-आठ सऱ्या उरल्या होत्या, तेव्हा टोळीतल्या एका बाईला पाचटात दोन पिल्लं दिसली. "बिबट्याऽ" असा एकच ओरडा झाला आणि कोयते टाकून सगळी टोळी बांधावर. मुकादम म्हणतो, इथं आता तोड नाही. ट्रॅक्टर अर्धा भरून उभा आहे आणि कारखान्याचा स्लीपबॉय फोनवर फोन करतोय.

पिल्लं टोमॅटोच्या क्रेटमध्ये गोणपाट टाकून ठेवलीत. माझ्या आईनं बशीत दूध दिलं, प्यायली नाहीत. डोळे मिटलेले आहेत, अंगावर काळे ठिपके रांगेनं आहेत, दोन्ही मिळून माझ्या एका तळहातावर मावतात. फोटो टाकलेत. निम्मं गाव म्हणतंय बिबट्याची, एकजण म्हणतोय साध्या मांजराची, आणि चुलते म्हणतात वाघाटी. मी गूगलवर वाघाटी शोधलं तर आषाढी द्वादशीच्या भाजीच्या पाककृती आल्या!

कुणी खात्रीनं सांगेल का? आणि आता करायचं काय?

मोगरा_पुणे

अगं बाई, किती गोड आहेत! घरी आणा सरळ. ड्रॉपरनं कोमट दूध पाजा, आमच्या सोसायटीत मी अशी तीन पिल्लं जगवलीत.

बांधावरचा_बाबू

खोडवा, दूध आधी उचला. गाईचं दूध या पिल्लांना पचत नाही, हगवण लागली की संपलं. क्रेट जिथं पिल्लं सापडली तिथंच, सावलीला ठेवा. माणसं आणि कुत्री लांब. आणि १९२६ ला फोन लावा, वनखात्याचा नंबर आहे. बाकीचं फोन झाल्यावर वाचा.

लावला? बरं. तुमचे चुलते बरोबर आहेत.

मी काही प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. अकोले तालुक्यातला आहे, आयटीआय झालेला. एका संशोधक मॅडमच्या पीएच.डी.साठी दोन हंगाम कॅमेरे लावायचं काम केलं, म्हणजे मोटरसायकलला पोतं बांधून उसाउसानं फिरायचं आणि सेल बदलायचे. पण अशी पिल्लं मी हातात घेतलीत म्हणून सांगतो. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास असतं. पाय जाड, पंजा अंगाच्या मानानं मोठा, केस लोकरीसारखे. तळहातावर दोन? शक्यच नाही. वाघाटीचं पिल्लू जन्मतः शंभर ग्रॅमच्याही आत असतं, आणि पूर्ण वाढलेली आई जेमतेम दीड किलो. जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांतली ही एक. मोठेपणी अंगावर गंजासारखे तांबूस ठिपके येतात. पिल्लांचे मात्र काळेच असतात, तिथंच लोक फसतात.

शेपूट बघा. बिबट्याच्या पिल्लाच्या शेपटीवर ठिपके असतात. बाऊल म्हणजे आपल्याकडचं दुसरं, मोठं रानमांजर, त्याच्या शेपटीला टोकाकडे काळी कडी असतात. वाघाटीची जवळजवळ कोरी. तुमच्या दुसऱ्या फोटोत गोणपाटावर शेपूट नीट दिसतेय. कोरी आहे.

आई मेलेली नाही, सोडून गेलेली नाही. गलका ऐकून शेजारच्या फडात दबून बसली असणार. रात्री ती जिथं पिल्लं ठेवली होती तिथंच येईल, तुमच्या पडवीत नाही. म्हणून राहिलेल्या सऱ्या आज तशाच ठेवा आणि तोड झालेल्या भागातलं पाचट पेटवू नका. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे. बिबट्याच्या पिल्लांची आईशी गाठ घालून देण्याचं काम ते लोक वनखात्याबरोबर करतात आणि वाघाटीची पिल्लंही त्यांनी अशी परत दिलीत. मोगराताई, राग मानू नका, पण घरी आणणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या कायद्यात वाघाटी पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंक्तीला.

आता थोडं माझं. बिबट्यासाठी कॅमेरे गुडघ्याएवढ्या उंचीवर, पायवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर लावतात. कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरची नक्षी उजव्या कुशीवर नसते. दोन्ही बाजू मिळाल्या तरच कालचाच की दुसरा हे ठरवता येतं. वाघाटीला ती उंची चालत नाही. ती खालून निघून जाते आणि फोटोत फक्त दोन कान येतात. मॅडमनी कॅमेरे वीतभर खाली घेतले. मग काय, मुंगूस, कुत्री, कोंबड्या, आणि पहाटे टमरेल घेऊन निघालेली मंडळी कमरेखालची. माणसांचे फोटो पुसून टाकायचे असा नियम होता आणि कार्डं मीच रिकामी करायचो. तेव्हापासून अर्धं गाव मी चपलांवरून ओळखतो.

हे नुसतं आमच्याच कॅमेऱ्यांत आलं असं नाही. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या गटानं अकोले तालुक्याच्या शेतीभागात कॅमेरे लावले होते, त्याचा निबंध २०१३ साली आला. १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ बिबटे, आणि तेवढेच तरस. तेही माणसांची एवढी दाट वस्ती असलेल्या मुलखात. सगळ्यांना तो बिबट्याचा आकडा आठवतो. त्याच निबंधात कॅमेऱ्यात आणखी काय काय आलं तेही दिलंय: वाघाटी, बाऊल, कोल्हा, खोकड, मुंगूस, आणि वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसं. हे शेवटचं वाचून मी एकटाच हसलो असेन.

पण वाघाटी किती, हे त्या कॅमेऱ्यांना सांगता येत नाही. रात्रीचा फोटो काळापांढरा, जनावर एवढंसं, ठिपके विरघळून जातात. तीच की दुसरी, ठरवणार कसं? विष्ठा सापडली तर ती बाऊलची, वाघाटीची की घरच्या मनीची हे नजरेनं कळत नाही, डीएनए काढावा लागतो. कोइमतूरच्या सलीम अली केंद्रात शोमिता मुखर्जी यांनी लहान रानमांजरांवर वर्षानुवर्षं काम केलंय, पण असे लोक बोटांवर मोजण्याइतके. वाघाच्या नावानं पैसा उभा राहतो, दीड किलोच्या मांजरासाठी कोण देणार? भारत, श्रीलंका आणि नेपाळ, एवढंच तिचं जग. त्यात आपल्या उसाच्या सऱ्या आल्या.

आणि हो, वाघाटी नावाचा गोंधळ गूगलचा एकट्याचा नाही. तो भाजीचा वेल वेगळा, हे मांजर वेगळं, आणि काही पुस्तकांत तर दुसऱ्याच ठिपक्यांच्या मांजराला वाघाटी म्हटलंय. म्हणून मॅडम नोंदीत नुसतं नाव लिहून घ्यायच्या नाहीत. "शेपूट कशी होती ते सांग" म्हणायच्या.

शिरूरकर

वाचलं सगळं. एक विचारू का, राग नका मानू. आमच्याकडं शेताची लाईट रात्री येते. मोटार चालू करायला, पाणी धरायला रात्रीच जावं लागतं. माझी आई हातात काठी आणि खिशात मोठ्यानं लावलेला मोबाईल घेऊन जाते. शास्त्रज्ञ येतात, कॅमेरे लावतात, इंग्रजीत छापतात आणि जातात. बिबट्या तिथंच. पिंजरे लावा आणि लांब कुठं तरी जंगलात सोडून या, एवढं सोपं आहे. तुम्ही मांजराच्या शेपटीत अडकलात.

बांधावरचा_बाबू

शिरूरकर, राग कसला. माझाही एक बोकड गेलाय.

पण ते सोपं काम करून झालंय, आणि तेही जुन्नरलाच. २००१ नंतर शंभराहून जास्त बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. त्याआधी जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, त्या काळात ते १७ वर गेले. हल्ल्यात जीव जाण्याचं प्रमाणही वाढलं. अनोळखी मुलखात सोडलेलं बिथरलेलं जनावर, आणि रिकामी झालेली जागा भरायला आलेलं दुसरं. हे त्या इंग्रजीत छापणाऱ्या लोकांनीच नोंदी जुळवून दाखवलं, नाहीतर आपण अजून पिंजरेच वाहत बसलो असतो. नगरकडच्या बिबट्यांच्या विष्ठाही त्यांनी धुऊन तपासल्या. पोटात गेलेल्यात सगळ्यांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला, शेळीचा त्याहून पुष्कळ कमी. उकिरडा, त्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, अशी ती साखळी आहे.

रात्रीच्या लाईटीचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. ते दुखणं कॅमेऱ्यानं बरं होणारं नाही, दिवसा वीज द्यायला हवी. तुमच्या आईला रात्री जावं लागतं ते बिबट्यामुळे नव्हे, वेळापत्रकामुळे. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

शिरूरकर

शेवटचं बोललात ते पटलं. बाकीचं बघू.

खोडवा

काल दुपारी वनखात्याची माणसं डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी पिल्लं फुलं तोलायच्या काट्यावर तोलली. एक १३५ ग्रॅम, दुसरं १२०. गोचिड काढले, थेंब थेंब पाणी दिलं आणि म्हणाले, वाघाटीच. चुलते आता गल्लीत कॉलर ताठ करून फिरतायत.

तोडीचं असं झालं: आठ सऱ्या सोडून बाकी भागात मुकादम तयार झाला, पण टोळीचा अर्धा दिवस खाडा झाला होता. वडलांनी हजार रुपये आणि चहा दिला. त्याची पावती कुठं लावायची विचारलं तर वनरक्षक नुसताच हसला. पाचट पेटवलं नाही.

संध्याकाळी क्रेट त्याच जागी ठेवला, वर झाकण नाही, बाजूला कॅमेरा. रात्रभर कुणी आलं नाही. आई आली नाही तर पुढं काय, असं सकाळी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले आणखी एक रात्र बघू. दिवसा त्यांनी पिल्लांना पाजलं आणि ऊब दिली. मला काही झोप नाही.

बांधावरचा_बाबू

पहिल्या रात्री माणसांचा वास असतो. आज तुम्ही कुणीही बॅटरी घेऊन बघायला जाऊ नका. चुलत्यांनाही सांगा. विशेषतः चुलत्यांना.

खोडवा

ते गेले होतेच काल रात्री. दोनदा. आज वडलांनी त्यांना कोंडल्यासारखंच केलंय.

खोडवा

आली!!! सकाळी क्रेट रिकामा. वनरक्षकानं कार्ड लॅपटॉपला लावलं. २ वाजून ४० मिनिटांनी पहिलं पिल्लू नेलं, आणि सव्वातीनला दुसरं. मधल्या पस्तीस मिनिटांत राहिलेलं पिल्लू क्रेटमध्ये एकटं तोंड वर करून ओरडताना दिसतंय. टोळीतली ती बाई (तिलाच आधी दिसली होती) लॅपटॉपसमोर उकिडवी बसून ते तीन वेळा बघून गेली.

पण कॅमेरा बिबट्याच्या उंचीवर लावला होता. आईचा एकही धड फोटो नाही. एकात पाठीचा कणा, बाकी सगळ्यांत उसाची पानं, आणि शेवटच्या फोटोत चौकटीबाहेर जाणारी नुसती शेपूट.

बांधावरचा_बाबू

ठिपके आहेत शेपटीवर?

खोडवा

नाहीत. कोरी.

बांधावरचा_बाबू

मग तारीख, वेळ आणि गट नंबर लिहून ठेवा आणि वनरक्षकाकडून तो फोटो मागून घ्या. मॅडमना पाठवतो.