आवडत्या समीक्षकामुळे सापडलेली वेबकॉमिक्स : तुमचे अनुभव

सायली_पुणे
काल चहात बिस्कीट बुडवताना एकदम इंटरनेटवरच्या कॉमिक्सचा समीक्षक एरिक बर्न्स आठवला. ऑगस्ट २००४ मध्ये त्याने 'वेबस्नार्क' हा ब्लॉग सुरू केला. आम्ही तेव्हा ओहायोत, मी एच-४ वर (म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या जोरावर), नोकरीची परवानगी नाही, बाहेर बर्फ. आवडलेल्या कॉमिकला तो 'बिस्कीट' द्यायचा. ज्याला बिस्कीट, ते मी त्याच दुपारी उघडायचे. शॅनन गॅरिटीचं 'नारबॉनिक' असंच मिळालं. वेडी शास्त्रज्ञ हेलन आणि तिच्याकडे नोकरीला लागलेला कॉम्प्युटरवाला डेव्ह. मी नुसती हसत होते. बर्न्सचं वाचल्यावर लक्षात आलं, विनोदाच्या आडून गॅरिटीबाईंनी गोष्ट किती आधीपासून विणत आणली आहे. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ३१ डिसेंबर २००६ ला ते संपलं. तोवर आम्ही पुण्यात परतलो होतो आणि हे सांगावं असं जवळ कुणी नव्हतं. म्हणून आज तुम्हाला विचारतेय, तुम्हाला कुणी वाट दाखवली?

मेघना
सायली, एच-४ चे ते हिवाळे गं... मी मिशिगनला. दुपारी चारला अंधार पडायला लागायचा. बाकी नंतर लिहिते, पोरीची बस आली.

ओंकार_ठाणे
सेरेबस सिंड्रोम!! शब्द बर्न्सचाच. हसरं कॉमिक हळूहळू गंभीर होत जातं ते. मी ते वाचून 'ऑर्डर ऑफ द स्टिक' या वेबकॉमिककडे गेलो. काड्यांची माणसं, म्हटलं यात काय असणार. त्यातला नायक रॉय ड्रॅगनवरून पडून मेला तेव्हा ऑफिसात जेवणाचा डबा तसाच राहिला.

निखिल
@ओंकार +१. २०१२ ला त्याची जुनी पुस्तकं पुन्हा छापायला ते काढणाऱ्या रिच बर्लूने ५७,७५० डॉलर मागितले होते, वाचकांनी साडेबारा लाख दिले. इतका जीव लावतात लोक.

वृषाली_क
बिस्कीट कुठलं पण? आमच्याकडे पार्ले-जीच. दोन सेकंदांवर गेलं की तळाशी.

सायली_पुणे
पार्ले-जीच गं :)

अद्वैत
मी कॉमिक्सवर पुस्तकं लिहिणाऱ्या स्कॉट मॅक्लाउडमुळे. २००० साली त्याने लिहिलं की पडदा ही पानासारखी चौकट मानू नका, खिडकी माना, चित्र पलीकडे हवं तितकं पसरू द्या. मला ते कळलं २०१२ ला, एक्सकेसीडी या वेबकॉमिकचं माउसने ओढत बघायचं चित्र आलं तेव्हा. रात्री दोनपर्यंत ओढत होतो, तरी कोपरे राहिलेच. पुढच्या वर्षीचं 'टाइम' तर ३०९९ चित्रांचं. आधी दर अर्ध्या तासाला, मग दर तासाला एक, असं चार महिने! समुद्रकाठी वाळूचा किल्ला बांधणारी दोन माणसं. अजून कुणी रोज बघायचं का?

मेघना
आले. लेक अकराची आहे, तिला काय देऊ? आमच्या घरी कॉमिक म्हणजे 'सकाळ'मधला चिंटू, तो मी कापून वहीत चिकटवायचे.

निखिल
'गर्ल जीनियस' हे वेबकॉमिक बघा, तीन वर्षं लागोपाठ ह्यूगो (विज्ञानकथांचा पुरस्कार) मिळालाय, २००९ ते ११. पण आधी स्वतः चाळा, काही भाग मोठ्यांचे आहेत.

वृषाली_क
चिंटूची वही जपून ठेवलीय का मेघना? फोटो टाक ना.

मेघना
माहेरी माळ्यावर असेल. आईला फोन करते.