स्क्रीन लॉक करायला एवढा पसारा कशाला?

कळफलक:
जुन्या डेस्कटॉपवर आयथ्री हा खिडक्या मांडणारा प्रोग्राम आणि सोबत सकलेसवाल्यांचा, म्हणजे कमीत कमी कोडचे प्रोग्राम लिहिणाऱ्या गटाचा, एसलॉक हा स्क्रीन लॉकर वापरतो. लॉक केलं की स्क्रीन काळी, टंकायला लागलं की निळी, पासवर्ड चुकला की लाल. घड्याळ नाही, फोटो नाही, पासवर्डचा रकानासुद्धा नाही. सगळा मिळून सी भाषेतल्या चारशेच्या आसपास ओळी, एका बैठकीत वाचून होतात.

लॉकरमध्ये जेवढं कमी, तेवढा तो कोसळायला वाव कमी. २०२१ च्या जानेवारीतलं लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रकरण आठवा. पोरांनी खरा आणि स्क्रीनवरचा असे दोन्ही कीबोर्ड बडवले आणि मिंटच्या सिनेमन डेस्कटॉपचा लॉकर कोसळून डेस्कटॉप उघडा पडला. बापानेच तक्रार नोंदवली. लॉकरमध्ये स्क्रीनवरचा कीबोर्ड कोंबलाच नसता तर?

तिरकस:
असहमत. एक्स-११ मध्ये (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) 'लॉक' असं काही नसतंच. सगळ्यांच्या वर पसरलेली एक विंडो कीबोर्ड-माउस धरून बसते, बस्स. ती मेली की दार सताड उघडं. २०१२ मध्ये तर एक्स सर्व्हरमध्येच भोक सापडलं होतं: कंट्रोल, ऑल्ट आणि नंबरपॅडवरचं गुणाकाराचं बटण दाबलं की धरलेलं सगळं सुटायचं. तिथे तुझ्या चारशे ओळी काय करणार होत्या?

आणि एखादा मेनू उघडा ठेवून बघ. कीबोर्ड मेनूने धरलेला, त्यामुळे लॉकचा शॉर्टकट आयथ्रीपर्यंत पोचतच नाही. ठरावीक वेळाने आपोआप लागणारा एसलॉकही थोडी झटापट करून हात टेकतो. तू चहाला गेलेला, मशीन उघडं.

कळफलक:
हा दोष एक्सचा आहे. तिथला कुठलाही लॉकर घे, तेच रडगाणं. उलट मेमरी संपल्यावर कर्नल (सिस्टिमचा गाभा) प्रोग्राम मारायला निघतो, तेव्हा आपल्यावर पाळी येऊ नये याची तजवीज एसलॉक स्वतः करतो. गोंडस लॉकरांपैकी किती जण करतात?

दुपारची_झोप:
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या, पण ऑफिसात काळी स्क्रीन म्हणजे ताप आहे हो. आमच्याकडे एकाने मशीन बंद आहे समजून पॉवरचं बटण दाबलं, माझी न साठवलेली फाइल गेली. तेव्हापासून आयलॉक... म्हणजे आयथ्रीलॉक. त्यात चित्र लावता येतं. मी 'चालू आहे, हात लावू नये' असं लिहिलेलं लावलंय. शिवाय तो पॅम या सिस्टिमच्या लॉगिन-तपासणीच्या यंत्रणेमधून पासवर्ड तपासतो, मूळ एसलॉक तसं करत नाही.

तिरकस:
@कळफलक, सगळ्यांचं तेच रडगाणं नाही. झविन्स्कीचा एक्सस्क्रीनसेव्हर १९९२ पासून आहे. लॉकरमध्ये जीटीके वगैरे बटणं-खिडक्या काढणाऱ्या लायब्ररी घालू नका, हे तो वर्षानुवर्षं ओरडून सांगतोय. २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत त्याने चित्रं आणि पासवर्डची खिडकी वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकली. त्यातली एखादी कोसळली तरी लॉक टिकतं. म्हणजे सजावट असूनही भक्कम राहता येतं. मुद्दा ओळी मोजण्याचा नाही, कोसळल्यावर काय होतं याचा आहे. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर तर नियमच आहे: सत्र-लॉकच्या प्रोटोकॉलमध्ये लॉकर मेला तरी कंपोझिटरने (स्क्रीन रंगवणाऱ्या मुख्य प्रोग्रामने) स्क्रीन झाकूनच ठेवायची. स्वे म्हणजे आयथ्रीसारखाच, पण वेलँडवरचा; त्याचा नवा लॉकर स्वेलॉक तेच वापरतो. स्वेवर ये.

कळफलक:
एनव्हिडियाचं जुनं कार्ड आहे, ३४० मालिकेचा ड्रायव्हर. त्यावर स्वे? राहू दे.

तिरकस:
नूवो हा मुक्त ड्रायव्हर आहे की. बरं, नको. मग एवढं सांग, लॉगिन मॅनेजर आहे की टर्मिनलवरून स्टार्टएक्स या आज्ञेने एक्स चालू करतोस? स्टार्टएक्स असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफवन दाबून मूळ कन्सोलवर जायचं, कंट्रोल-सी मारायचं, एक्स मेलं आणि तुझ्या नावाचं शेल (आज्ञा टंकायची जागा) समोर. एसलॉकला पत्ताही नाही. चारशे ओळी वाचल्यास, मॅन्युअल वाचलंस का? त्यात ही सूचना आहे.

कळफलक:
वाचलंय. कन्सोल बदलणं आणि एक्स मारणं, दोन्ही बंद करणाऱ्या ओळी एक्सऑर्गच्या कॉन्फिगमध्ये आहेत. वर स्टार्टएक्सच्या आधी एक्झेक लावलंय, एक्स शेलच्या जागीच सुरू होतं, म्हणजे मागे शेल उरतच नाही.

दुपारची_झोप:
आणि मेनूचं काय केलंत?

कळफलक:
उठण्याआधी एस्केप दाबतो.