महाविद्यालयातले पहिले चार महिने : सांगलीकडचे अनुभव

प्रवेशाची धावपळ संपली की जुलै महिन्यात सांगलीच्या विश्रामबाग भागात नव्या मुलांची गर्दी दिसू लागते. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून येथे आहे. त्यामुळे जत, आटपाडी, शिराळा, कवठे महांकाळ या तालुक्यांतून आणि त्याहूनही लांबून मुले येतात, खोल्या शोधतात, मेस लावतात आणि दिवाळीपर्यंत त्यांतली बहुतेक रुळतात. मी सांगलीतल्याच एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकवतो. या काळात जी मुले मागे पडतात ती बुद्धीने कमी असतात असे मला कधीच वाटले नाही. कोणाला काय विचारायचे हे त्यांना ठाऊक नसते, आणि विचारले तर आपण अडाणी ठरू ही धास्ती असते. शाळेत वर्गशिक्षक नाव घेऊन उभे करत, दोन दिवस दिसले नाही तर घरी निरोप धाडत. महाविद्यालयात तो धाक आणि ती माया एकाच दिवशी सुटते. त्यात २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुख्य विषय, गौण विषय, खुला वैकल्पिक विषय आणि श्रेयांक अशी रचना आल्यामुळे थोरल्या भावंडांचा सल्लाही पुरा पडत नाही. म्हणून ज्यांनी हे महिने काढले आहेत, किंवा ज्यांच्या घरातून मूल शिकायला बाहेर पडले आहे, त्यांनी नेमके काय अडले आणि ते कशाने सुटले हे तपशिलाने लिहावे, अशी विनंती आहे. ‘हळूहळू सवय होते’ हे खरे असले तरी तेवढ्याने नव्या मुलाच्या हाती काही लागत नाही.

जत तालुक्यातून आलेली, अभियांत्रिकी, तिसरे वर्ष

माझी दहावी मराठी माध्यमातून झाली. अकरावी-बारावीला पुस्तके इंग्रजी असली तरी सर समजावून सांगत ते मराठीतूनच, त्यामुळे अभियांत्रिकीला आल्यावर तासभर सलग इंग्रजी ऐकून डोके जड होई. गणित निभावले, अडले ते इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये. ड्राफ्टर (रेषा आखायचे साधन) लावता येऊ लागला, टूएच पेन्सिलीने रेषा बारीक येऊ लागल्या, पण फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे वस्तूची समोरून आणि वरून दिसणारी दृश्ये कागदावर मांडायच्या एका पद्धतीत, वरून दिसणारे दृश्य एक्सवाय रेषेच्या (दोन्ही दृश्यांमधल्या आडव्या रेषेच्या) खाली का काढायचे हे काही केल्या कळेना. बाकी सगळ्यांना कळले आहे अशा समजुतीने मी वर्गात गप्प राही आणि शेजारणीची शीट पाहून उतरवून काढी.

हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत तिसऱ्या वर्षाच्या एक ताई होत्या. त्यांनी कपड्याच्या साबणाची नवी वडी घेतली, खोलीच्या कडेला भिंतीपासून आणि फरशीपासून थोड्या अंतरावर अधांतरी धरली आणि म्हणाल्या, “समोरून बघितलंस की वडीची आकृती मागच्या भिंतीवर पडते, वरून बघितलंस की खालच्या फरशीवर. आता भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे बिजागरी आहे असं समज आणि फरशी खाली पाड.” फरशी मनातल्या मनात खाली पाडली आणि वरचे दृश्य आपोआप रेषेखाली गेले. मग त्यांनी तीच वडी सुरीने तिरकी कापून छेद दाखवला. कापलेली बाजू मूळ बाजूपेक्षा लांब दिसते, हे मी बोटाने मोजून पाहिले. वर्गात विचारायचा धीर होत नसेल तर वरच्या वर्गातल्या मुलींना विचारावे; त्या दोन वर्षांपूर्वी तेथेच अडलेल्या असतात आणि अडचण कोठे आहे हे त्यांना चटकन कळते.

रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला, विज्ञान शाखा, २०१९ चा प्रवेश

मी सांगलीत आलो आणि महिन्याभरात महापूर आला. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमची खोली उंचावरच्या भागात असल्याने कोरडी होती, पण रस्ते बंद झाले, मेस बंद पडली आणि घरी जायची वाट उरली नाही. त्याआधी वर्गात माझे कोणाशी धड बोलणेही होत नसे. माझी कोकणी धाटणीची बोली ऐकून मुले हसत. त्यात दुष्टावा नव्हता, तरी मी तोंड उघडायचे टाळत असे.

जवळच्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. तेथे मदतीला माणसे हवीत असे कळल्यावर वर्गातली काही मुले निघाली, मीही गेलो. आलेल्या कुटुंबांची नावे वहीत उतरवून घेणे, पाण्याचे कॅन वर चढवणे आणि म्हाताऱ्या माणसांची रोजची औषधे कोणती हे विचारून औषधांच्या दुकानातून आणून देणे, ही कामे आमच्याकडे होती. औषधांसाठी अनोळखी माणसांशी बोलावे लागले आणि बोलण्याचा संकोच तेथे गेला. पाणी ओसरल्यावर वर्ग सुरू झाले तेव्हा ज्यांच्याबरोबर कॅन उचलले होते त्यांच्याच बाकावर मी बसलो. अशी वेळ कोणावर येऊ नये. पण एकत्र बसून गप्पा मारण्यापेक्षा एकत्र काम केल्याने ओळख लवकर पक्की होते असे मला वाटते, आणि राष्ट्रीय सेवा योजनेसारखी संधी पहिल्याच सत्रात घ्यावी असे मी धाकट्या भावाला सांगितले आहे.

मिरज, वैद्यकीय शिक्षण

शरीररचनाशास्त्राच्या विच्छेदन कक्षात पहिले काही दिवस फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत आणि मेसमध्ये घास उतरत नसे. ते लवकर गेले. रात्रीची झोप उडाली होती ती मात्र परत यायला फार वेळ लागला. बारावीपर्यंत वर्गात पहिली असलेली मी येथे अशा वर्गात येऊन बसले होते जेथे प्रत्येक जण कोठे ना कोठे पहिला होता. घरी सांगितले तर आई काळजी करील म्हणून सांगितले नाही. शेवटी विभागातल्या एका मॅडमना सांगितले आणि त्यांनी समुपदेशनाची वेळ घेऊन दिली.

*(धागा सुरू करणाऱ्याकडून : असे कोणाचे होत असेल तर ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी मोफत लावता येतो. कोणी रॅगिंग करत असेल तर ते मुकाट्याने सोसू नये. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.)*

पालक, आटपाडी तालुका

सर, आपण पालकांनाही विचारलेत म्हणून लिहितो. आमचे डाळिंबाचे शेत आहे. मुलगा सांगलीत खोली घेऊन राहतो. रोज रात्री फोनवर “बरं चाललंय” एवढेच म्हणे. मालाच्या पैशांसाठी सांगलीला जाणे झाले तेव्हा खोलीवर गेलो, तर त्याने महिना संपायच्या आधीच मेस बंद करून दोन वेळ वडापावावर भागवायला सुरुवात केली होती. खोलीची अनामत, पुस्तके आणि झेरॉक्स यांत पैसे संपले होते आणि मला मागायला त्याला संकोच वाटत होता. आम्ही त्या दिवशी समोरासमोर बसून वहीत महिन्याचा हिशेब मांडला आणि पहिल्या तारखेला किती पाठवायचे हे ठरवले. तेव्हापासून मी फोनवर आधी जेवणाचे विचारतो.

दुसरे सांगायचे ते शिष्यवृत्तीचे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या दोन्हींचे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र मे महिन्यातच काढून ठेवावे, कारण निकालानंतर सेतू केंद्रात उभे राहायला जागा नसते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. आमच्या मुलाचे जुने खाते जोडलेले नव्हते, हे बँकेत जाऊन विचारल्यावर समजले. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे समजू नये. तो महाविद्यालयाच्या पातळीवर मंजूर झाला की तेथेच अडकला आहे, हे मुलाने अधूनमधून स्वतः उघडून पाहावे.

साताऱ्यात शिकलेले, निवृत्त शिक्षक

मी कराड तालुक्यातल्या खेड्यातून छत्रपती शिवाजी महाविद्यालयात शिकायला गेलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये सुरू केलेले हे महाविद्यालय ‘कमवा आणि शिका’ योजनेसाठी ओळखले जाते आणि मी त्याच योजनेतला विद्यार्थी होतो. सकाळी बागेत आळी करायची, पाणी द्यायचे आणि हातपाय धुऊन तासाला बसायचे. नव्या मुलाला काम लावून दिल्याचा फायदा असा होता की दिवसाला आकार येई. मोकळे तास घराच्या आठवणीत जात नसत. आजच्या मुलांची रिकामी दुपार पाहिली की मला त्या बागेचे मोल अधिकच वाटते.

कवठे महांकाळ तालुका, कला शाखा, दुसरे वर्ष

मी एसटीने ये-जा करते. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत असल्याने खर्च झेपतो, प्रश्न वेळेचा आहे. गाडीला उशीर झाला की पहिला तास बुडे, आणि ७५ टक्के हजेरीची अट सारखी डोक्यात असे. शेवटी सगळ्यात अवघड गेले ते भूगोलाचे प्रात्यक्षिक. माझी तुकडी सकाळची होती. नकाशाचे काम अर्धे झालेले असताना मी पोहोचत असे आणि उरलेले घरी पूर्ण करायला ट्रेसिंग टेबल (नकाशा गिरवायचे, खालून उजेड असलेले टेबल) नसे. वर्गातल्या एका मुलीने सांगितले की तुकडी बदलून मिळते. मी गाडीचे वेळापत्रक आणि पासाची प्रत जोडून विभागप्रमुखांना लेखी अर्ज दिला आणि मला दुपारची तुकडी मिळाली. परतीची गाडी त्यामुळे उशिराची धरावी लागते, म्हणून वडील फाट्यावर घ्यायला येतात. ज्या मुलींना लांबून यायचे आहे त्यांनी वेळापत्रक लागेल त्याच आठवड्यात असा अर्ज द्यावा. तुकड्या एकदा भरल्या की विभागाची इच्छा असूनही जागा करून देणे अवघड होते.