घरामागच्या जुन्या संडासाचा खड्डा कसा शोधायचा? (ओहायो)

वांगीपोहे:
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, नाक मुरडू नका. आम्ही ओहायोत एका छोट्या गावात जुनं घर घेतलंय, काउंटी ऑडिटरच्या (इथलं मालमत्तेच्या नोंदींचं ऑफिस) साइटवर बांधल्याचं साल १९०० दिसतंय. मागे लांबलचक यार्ड आणि यार्डच्या पलीकडे गल्ली. परवा शेजारचे आजोबा कुंपणावरून बोलता बोलता म्हणाले की या रांगेतल्या सगळ्याच घरांना मागे आउटहाउस, म्हणजे घराबाहेरचे खड्ड्याचे संडास होते, लोक घरातला कचराही त्याच खड्ड्यात टाकायचे, आणि त्यांच्या यार्डात पूर्वी कोणी तरी परवानगी काढून खणलं होतं तेव्हा खड्ड्यातून निळसर बाटल्या नि चिनी मातीच्या बाहुलीचं डोकं निघालं. झालं, तेव्हापासून नवरा आणि लेक दोघांना चैन नाही. नवरा म्हणतोय मेटल डिटेक्टर आणू. मला एवढंच कळत नाहीये की न खणता जागा कळते का? अख्खं लॉन उखडायची माझी अजिबात तयारी नाही. आणि हो, घाण?? इतक्या वर्षांनी तिथे नक्की काय असतं?

बाटलीबहाद्दर:
वा वा, या छंदात अजून एक मराठी घर! मी पेनसिल्व्हेनियात असतो, इथल्या बाटल्या जमवणाऱ्या मंडळींबरोबर बरीच वर्षं खणतोय.

आधी ते १९०० सोडून द्या. तिकडे ज्या घराचं साल कोणालाच ठाऊक नसतं त्याला बरेचदा १९०० लावून मोकळे होतात. काउंटी रेकॉर्डरकडे जुनी खरेदीखतं बघा. मग सॅनबॉर्न कंपनीचे फायर इन्शुरन्सचे नकाशे, १८६७ पासून गावोगावचे काढलेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळतात, ५० फुटांना एक इंच असल्यामुळे प्रत्येक घर दिसतं, विटांचं गुलाबी नि लाकडी पिवळं. संडास इतके बारके की पुष्कळदा दाखवलेलेच नसतात, पण तबेला कुठे होता, शेड कुठे होती, हद्द कुठे होती हे कळतं, आणि वेगवेगळ्या सालांचे नकाशे शेजारी ठेवले की मागच्या बाजूला कधीच काही न बांधलेला कोपरा उरतो, तो आपला.

बहुतेक वेळा मागच्या हद्दीला लागून, गल्लीच्या बाजूला, नाहीतर मागच्या दोन कोपऱ्यांपैकी एकात. विहिरीपासून लांब आणि वास घरात येणार नाही इतकं दूर, पण थंडीत रात्री जाता येईल इतकं जवळ. तुमच्याकडे तर आयता पुरावा आहे, आजोबांकडे खड्डा मागच्या हद्दीपासून किती फुटांवर निघाला ते टेपनं मोजून घ्या, एका रांगेतल्या घरांचे संडास बरेचदा एका ओळीत असतात.

मग जमीन वाचायची. भराव बसत जातो म्हणून लॉनमध्ये उथळ खळगा दिसतो. कडक उन्हाळ्यात तेवढाच चौकोन हिरवा राहतो. आडोसा म्हणून लायलॅक नाहीतर हॉलीहॉक ही फुलझाडं लावायची पद्धत होती, तेव्हा कोपऱ्यात एकटंच लायलॅकचं जुनं झुडूप असेल तर तिथून सुरू करा.

शेवटी प्रोब. स्प्रिंग स्टीलची चारपाच फुटी सळई, वर आडवी मूठ, टोक सळईपेक्षा किंचित जाड. पाऊस पडून गेल्यावर फूट-दीड फुटावर खुपसत जायचं. न हललेली चिकणमाती सगळीकडे सारखी घट्ट लागते, खड्ड्यावर आलात की सळई एकदम सैल जाते, आणि मग काच-राख-कोळसा लागला की हाताला करकर जाणवते. बाहेर काढून टोक बघायचं. राखाडी, काळपट किंवा पांढरा चुना लागलेला दिसला की समजा सापडलं, वास मारू नये म्हणून चुना टाकायचेच. मग चारी बाजूंनी सळई घालून कडा शोधा, तिकडे बहुतेक लाकडी फळ्यांची पेटी असते, साधारण तीन बाय चार ते चार बाय सहा फूट.

मेटल डिटेक्टर नको. काच नि चिनी माती त्याला दिसत नाही आणि जुन्या यार्डात खिळे इतके की तो दिवसभर बोंबलत बसेल.

वांगीपोहे:
बापरे, केवढं लिहिलंत! धन्यवाद. लायलॅक आहे!! डाव्या कोपऱ्यात. पण घाणीचं राहिलं.

बाटलीबहाद्दर:
हां ते. त्याची काळी भुसभुशीत माती झालेली असते, बागेतल्या खतासारखी. खाली ओल अडकलेली असेल तर क्वचित वास येतो. हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं, आणि खणताना खाणंपिणं नाही. फुटक्या काचा हा खरा त्रास.

फिलीकर_मावशी:
उत्साहावर पाणी ओतत नाहीये, पण दुसरी बाजूही ऐका. मी इथे फिलाडेल्फियात म्युझियममध्ये व्हॉलंटियर करते. अमेरिकन रेव्होल्यूशनचं म्युझियम बांधायच्या आधी त्या जागेवर उत्खनन झालं तेव्हा विटांनी बांधलेल्या संडासांच्या खड्ड्यांतून आणि विहिरींतून हजारो वस्तू निघाल्या. त्यात एका मोठ्या पंच बोलचे (पंच नावाचं पेय वाढायचं वाडगं) तुकडे होते, त्यावर ट्रायफेना नावाच्या जहाजाचं चित्र. त्याच खड्ड्यात इतके पेले नि बाटल्या होत्या की तिथे राहणारं हम्फ्रीज दांपत्य लायसन्सशिवाय दारूचा गुत्ता चालवत होतं या गोष्टीला त्यातून दुजोरा मिळाला. नुसतं ते वाडगं उचलून बाजारात विकलं असतं तर एक शोभेची वस्तू मिळाली असती, गुत्ता नसता कळला.

म्हणून बाटल्या तेवढ्या वेचून बाकी सगळं परत ढकलू नका. थराथराने काढा, प्रत्येक थराचा टेप ठेवून फोटो, हाडं, फळांच्या बिया, बटणं सगळं वेगवेगळ्या पिशवीत. आणि खालच्या थरात १८५० च्या आधीचं काही दिसायला लागलं तर थांबून जवळच्या युनिव्हर्सिटीतल्या पुरातत्त्ववाल्यांना मेल करा.

बाटलीबहाद्दर:
मावशी, थराचं मान्य. पण खरं सांगा, ओहायोतल्या एका साध्या घराच्या यार्डात कुठला पुरातत्त्ववाला येणार आहे? उद्या तिथे कोणी काँक्रीट ओतून गॅरेज बांधेल. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या जुन्या वस्तीतून साडेआठ लाख वस्तू अगदी शास्त्रशुद्ध काढल्या, ठेवल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या सहा नंबरच्या बिल्डिंगमध्ये, २००१ मध्ये जवळपास सगळ्या गेल्या.

फिलीकर_मावशी:
वस्तू गेल्या पण नोंदी राहिल्या ना, त्यावरचे अहवाल आजही वाचता येतात. माझा मुद्दा तोच आहे.

सिव्हिलवाला:
वरचे सगळे बाटल्यांत रमलेत म्हणून लिहितो. ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या वायरी नि पाइप दाखवून देणाऱ्या सेवेला, आधी फोन करा, सळई खुपसायच्याही आधी. फुकट असतं, येऊन रंगाच्या खुणा करून जातात, लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा ड्रेनेज. मीटरपासून पुढे तुमची स्वतःची लाइन असेल, म्हणजे गॅरेजला नेलेली वीज वगैरे, ती ते बहुधा दाखवत नाहीत.

दुसरं, भराव सैल असतो आणि कडा ढासळते. एक घन यार्ड (तीन फूट लांब, रुंद नि खोल) माती टनापेक्षा जड. इथे कामगारांसाठी पाच फूट खोलीपासून आधार लावायचा नियम आहे, घरच्या खड्ड्याला इन्स्पेक्टर येत नाही पण माती तीच. कडेला ढीग घालू नका, दोन फूट तरी लांब ताडपत्रीवर टाका, एकट्याने खणू नका, मुलीला खड्ड्यात उतरू देऊ नका, तिला माती चाळायला बसवा. तसंही सगळी मजा चाळणीतच असते.

घाटावरचा:
वाचून गंमत वाटली. आमच्या वाड्यामागे असं काही मिळेल का हो? साताऱ्याजवळ आहे, शंभराच्या वर वर्षं झाली असतील.

फिलीकर_मावशी:
संडासात नाही मिळणार बहुतेक. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत टोपलीचे संडास होते, खड्डा नव्हताच, खालून टोपली काढून माणसांना डोक्यावरून वाहायला लावायचे. त्यात गंमत काही नाही. उकिरड्याच्या जागी खापरं, बांगड्या सापडतील, पण कायदा वेगळा आहे. जमिनीत लपलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह अॅक्टप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू होतो. इथे अमेरिकेत स्वतःच्या जमिनीवर साधारणपणे चालतं, सरकारी जमिनीवर मात्र अजिबात नाही.

वांगीपोहे:
८११ ला कळवलंय, तोवर सगळ्यांना हात न लावण्याची तंबी. पण लेकीला लायलॅकच्या मुळाशी वरच पडलेली एक अख्खी बाटली मिळाली. फिकट निळसर हिरवी, अक्षरं झिजलीत. जुनी आहे का हे कसं ओळखू?

बाटलीबहाद्दर:
साच्याची शिवण बघा, बाजूला उभी रेघ असते ती. ती मानेवरून थेट ओठावर चढून गेली असेल तर मशीनची बाटली, म्हणजे १९०३ नंतरची, ते ओवेन्सचं मशीन तुमच्याच ओहायोतलं, टोलीडोचं. रेघ ओठाच्या खालीच विरली असेल तर ओठ हाताने घडवलेला, बहुधा आधीची. मग बूड बघा, मध्यभागी खरखरीत गोल व्रण असेल तर १८६० च्या आसपासची किंवा त्याहून जुनी, आणि मग मला लगेच फोटो टाका. एक सावध करतो, फळांच्या बरणीवर ‘पेटंट नोव्हें. ३०, १८५८’ असं दिसलं तर नाचू नका, तो आट्यांच्या झाकणाची बरणी काढणाऱ्या मेसनच्या पेटंटचा दिवस आहे आणि तसल्या बरण्या पुढे कित्येक दशकं निघत होत्या. साबणाच्या पाण्यात भिजत घाला, घासणी लावू नका.