‘नाही जायचं मला’ इंग्रजीत कसं म्हणायचं? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

मेघना (बी-३०२): परदेशी टीमबरोबर रोज कॉल असतात. कुणी काही सुचवलं आणि आपल्याला नको असेल तर ‘आय डोन्ट वॉन्ट’ सोडून काय म्हणता येईल?

कुलकर्णी काकू (ए-१०१): मेघना, ‘आय डोन्ट वॉन्ट’ वर थांबलं की वाक्य अर्धवट राहतं आणि कानाला तुसडंही लागतं. पुढे ‘टू’ किंवा ‘इट’ हवंच. चहा-कॉफी विचारली तर ‘आय ॲम गुड, थँक्स’ म्हण, म्हणजे ‘नको, असू दे’. बेत नको असेल तर ‘आयड रादर नॉट’. हा ‘ड’ म्हणजे वुड, बोलताना जेमतेम ऐकू येतो म्हणून लिहिताना हमखास गळतो. पुढे नुसतं क्रियापद: ‘आयड रादर नॉट गो’. ‘टू गो’ म्हटलं की चुकलं. ‘प्रिफर’ला मात्र ‘टू’ लागतो: ‘आयड प्रिफर नॉट टू गो’.

सचिन (सी-५०४): आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा ‘कंटाळा’चा होतो. ‘जायचा कंटाळा आलाय’चं लोक ‘आय ॲम बोअर्ड टू गो’ करतात. बोअर्ड म्हणजे करमत नाहीये. इथे हवं ‘आय डोन्ट फील लाइक गोइंग’, ‘फील लाइक’नंतर आयएनजी. आणि ‘आय डोन्ट हॅव मूड’ नाही, ‘आय ॲम नॉट इन द मूड’.

नीलेश (ए-६०३, सध्या लीड्स): इकडे ‘आय कान्ट बी बॉदर्ड टू कुक’ सतत ऐकू येतं, म्हणजे ‘स्वयंपाकाचा कंटाळा आलाय’. घरात, मित्रांत चालतं. पण कुणी बोलावलंय आणि त्याच्या तोंडावर हे म्हटलं तर ‘तुझ्यासाठी एवढे कष्ट कोण घेणार’ असा अर्थ निघतो. तिथे ‘आय ॲम नॉट दॅट कीन’, म्हणजे ‘फारशी इच्छा नाही’, हे बरं.

शोभाताई (बी-१०४): आणि ते ‘रेन चेक’ काय असतं?

कुलकर्णी काकू: ते अमेरिकेतल्या बेसबॉलमधून आलंय शोभाताई. पावसाने सामना धुतला गेला की प्रेक्षकांना पुढच्या सामन्यासाठी चिठ्ठी मिळायची. त्यामुळे ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ म्हणजे आज नको, पुन्हा कधीतरी नक्की. खरंच जायचं असेल तरच म्हणावं, नाहीतर समोरचा पुढच्या आठवड्यात परत विचारणार. विषय तिथेच संपवायचा तर ‘आय विल पास’. ‘काउंट मी आउट’ त्याहून ठाम, वरिष्ठांना नको.

सचिन: ‘रिअली’ची जागाही सांभाळा. ‘आय डोन्ट रिअली वॉन्ट टू’ म्हणजे फारशी इच्छा नाही, आग्रह केलात तर कदाचित येईन. ‘आय रिअली डोन्ट वॉन्ट टू’ म्हणजे अजिबात नाही. शब्द तेच, पण एकाची जागा हलली की दार बंद.

नीलेश: ‘वुड यू माइंड?’ला पण जपून. काम करायला तयार असाल तर उत्तर ‘नॉट ॲट ऑल’. नुसतं ‘येस’ म्हणजे ‘हो, माझी हरकत आहे’. आणि नाही म्हणायचंय म्हणून ‘आय विल ट्राय’ म्हणू नका. आपल्यात तो सभ्य नकार असतो, इथे लोक वाट बघत बसतात.

मेघना: आणि जास्तीचं काम गळ्यात पडत असेल तर?

कुलकर्णी काकू: ‘आय हॅव गॉट अ लॉट ऑन माय प्लेट धिस वीक’, म्हणजे या आठवड्यात हातात आधीच खूप काम आहे, आणि लगेच ‘आय कॅन लुक ॲट इट ऑन मंडे’. नुसता पहिला भाग रडगाणं वाटतो, दुसऱ्याने उत्तर पूर्ण होतं. आमंत्रण असेल तर ‘आयड लव्ह टू, बट आय कान्ट मेक इट ऑन सॅटर्डे’. वार घातला की नकार त्या दिवसापुरता राहतो.

शोभाताई: काकू, दुसऱ्याने करू नये असं वाटत असेल तर? डी विंगचे नवे भाडेकरू आमच्या पार्किंगमध्ये गाडी लावतात, त्यांना मराठी-हिंदी येत नाही.

कुलकर्णी काकू: ‘आयड रादर यू डिडन्ट पार्क हिअर’. गोष्ट आजची असली तरी ‘डिडन्ट’च. ‘डोन्ट पार्क हिअर’ हा हुकूम झाला, तो दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर.